चिनीमातीचं हाड

ताकसांडे मॅडम भट्टीतून निघालेली गोळी आधी पाहत नसत, ऐकत. दोन बोटांत अलगद धरायच्या, कानाजवळ न्यायच्या आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारायच्या. स्वच्छ, टणक आवाज आला तर गोळी उजवीकडच्या ताटलीत. बसका आवाज आला तर डावीकडे. डावीकडच्या गोळीत बाहेरून काही दिसत नसे, पण दाबयंत्रात ठेवली की ती लवकर फुटे. मी संख्याशास्त्राचा मास्तर, मला कानावर विश्वास ठेवणं जड जातं. म्हणून एकदा मी दोन्ही ताटल्यांचे आकडे वेगवेगळे मांडून पाहिले आणि मॅडमना सांगितलं, "तुमचा कान बहुतेक वेळा बरोबर आहे."

"बहुतेक म्हणजे किती वेळा चुकला, ते सांगा," त्या म्हणाल्या.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवत. पण त्यांचं खरं बस्तान इमारतीच्या मागे होतं, जुन्या सायकल स्टँडला भिंती घालून केलेल्या एका खोलीत. तिथे भट्टी, दळायचं यंत्र, हातानं दाबायची प्रेस आणि एक लोखंडी कपाट. हाड मोडलं, किंवा गाठ काढल्यावर हाडात पोकळी राहिली, की ती भरावी लागते. डॉक्टर कधी कधी रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून तिथे भरतात, पण मग त्याला एकाऐवजी दोन जखमा होतात. हाडात जो खनिज भाग असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा, त्याचीच पूड करून, दाबून, भाजून मॅडम या पोकळीसाठी गोळ्या बनवत. शरीर अशा गोळीला परकं मानत नाही. तिच्यात बारीक छिद्रं ठेवली तर नवं हाड त्यांतून आत शिरतं आणि हळूहळू ती जागा आपली करून घेतं.

सगळं ठरायचं ते भाजण्यावर. पुस्तकात त्याला सिंटरिंग म्हणतात, मॅडम सरळ भाजणं म्हणत. दाबून केलेली कच्ची गोळी खडूसारखी असते, बोटानं चुरते. तिला हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवायचं, पण वितळू द्यायचं नाही. कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे जुळतात, जोड जाड होत जातो, मधल्या फटी मिटतात, गोळी आक्रसते आणि घट्ट होते. "पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं गठ्ठा होतं, तसं," त्या मुलांना सांगत आणि श्वास न घेता पुढे जोडत, "उदाहरण चुकीचं आहे. मिठाचं कारण वेगळं. पण तुमच्या लक्षात हेच राहणार, म्हणून सांगितलं."

गोळी कमी भाजली तर शरीरात तिचा भुगा होतो. जास्त भाजली तर छिद्रं बुजतात. छिद्रं राहावीत म्हणून मॅडम पुडीत साबुदाण्याचं पीठ मिसळत. भट्टीत ते जळून जाई आणि तेवढ्या जागा मोकळ्या राहत. पण भाजणं वाढलं की त्याही बंद. "दगड मजबूतच असतो," त्या म्हणत, "पण त्याच्यात कोणी राहायला येत नाही."

माझं त्यांच्याकडे काम आकड्यांचं. गोळ्या किती दाबाला फुटल्या याचे आकडे त्या मला देत आणि मी पद्धतीप्रमाणे सरासरी काढायला बसलो की हात धरल्यासारखं थांबवत. "मला सरासरी नका देऊ, चौधरी सर. सगळ्यात लवकर कोणती फुटली ते सांगा. ज्याच्या पायात बसेल, त्याच्या पायात एकच बसणार आहे."

कोणावर ओरडताना मी त्यांना पाहिलं नाही. एका विद्यार्थ्यानं एकदा निकाल बघायच्या घाईत भट्टी निवायच्या आत दार उघडलं. बाहेरची हवा आत गेली आणि सगळ्या गोळ्या तडकायला लागल्या. मॅडम आल्या, त्यांनी दोन स्टुलं ओढली, एकावर त्याला बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसल्या. म्हणाल्या, "ऐक." गोळ्या टिक टिक करून एकेक फुटत होत्या. शेवटची फुटेपर्यंत दोघं बसून राहिले. मग त्यांनी त्याला चहा पाजला.

आता त्या गोळ्या कशापासून बनत, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या म्हशीच्या हाडांपासून बनत. परवान्याच्या कत्तलखान्यातून हाडं पोत्यात येत. मॅडम ती मागच्या अंगणात उकळत, चरबी काढत, घासत, वाळवत आणि मग भट्टीत जाळत. जळून उरलेलं पांढरंशुभ्र हाड दळलं की पूड तयार. रसायनांपासूनही अशी पूड बनते, पण ती महाग पडते, आणि हाडाच्या पुडीत निसर्गानं घातलेलं थोडं मॅग्नेशियम वगैरे असतं, ते मॅडमना हवं होतं. हाडं जळायला लागली की वास प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत येई.

एका दुपारी तिथे आमच्या विज्ञान विभागाचे प्रमुख चहाचा कप हातात घेऊन हसत म्हणाले, "मॅडम, हाडांची आवक जोरात आहे तुमच्याकडे. घरचंच काम म्हणा की."

खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. मॅडम साखर ढवळत होत्या. ढवळतच म्हणाल्या, "हो सर. फरक एवढाच की माझ्या आजोबांना कोणी पावती देत नव्हतं. मी घेते." आणि त्यांनी चहा पुरता संपवला, कप धुतला, जागेवर ठेवला आणि मग गेल्या. त्या गेल्यावर कोणी हसलं नाही. विभागप्रमुख म्हणाले, "गंमत कळत नाही लोकांना."

ताकसांडे कुटुंब हिंगणीचं, बौद्ध. मॅडमच्या आजोबांच्या तरुणपणी मेलेलं ढोर ओढून नेणं, सोलणं, हाडं वाहणं हे त्यांच्यावर गावानं टाकलेलं काम होतं. माझं गाव आर्वीकडचं. माझ्या आजोबांच्या गोठ्यात बैल मेला की अशाच एका माणसाला निरोप जाई. त्याला सगळे जातीच्या नावानं हाक मारत, असं वडील सांगायचे. त्याचं स्वतःचं नाव काय होतं ते मला माहीत नाही, आणि आता विचारायला घरात कोणी उरलेलं नाही.

मॅडमचे आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्या दिवसापासून त्या घरानं मेल्या ढोराला हात लावला नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे मॅडमचे वडील, शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. पांढरा इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, बोलण्यात घाई नाही.

माझी सासुरवाडी सेलूची. दर पंधरा-वीस दिवसांनी मी बायकोला तिथे सोडायला जाई, तेव्हा मॅडमही गाडीत येत आणि मी त्यांना पुढे हिंगणीला पोचवत असे. कॉलेजात त्या पुस्तकासारखं बोलत. सेलू मागे पडलं की त्यांची भाषा सैल होई, 'मला'चं 'मले', 'का'चं 'काऊन' होई, आवाजही थोडा चढे. पण एक गोष्ट मला फार दिवस कळली नव्हती. हिंगणीला जायच्या आदल्या दिवशी त्या पोत्यांना हात लावत नसत. केस धुऊन येत. आणि बोर धरणाकडचा फाटा आला की बोलता बोलता स्वतःचे तळहात नाकाशी नेत.

एकदा त्यांनी तो हात माझ्यापुढे केला. "सर, वास येते का?"

मी म्हटलं, "साबणाचा येतो."

तेव्हा त्यांनी सांगितलं. काम सुरू केलं त्या वर्षी त्यांनी वडिलांना पहिली चांगली गोळी नेऊन दाखवली होती. गुरुजींनी ती उजेडात धरली, टेबलावर वाजवली आणि म्हणाले, "हे त चिनीमातीचं दिसते." आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "तसंच समजा."

"मग बरोबरच आहे की," मी म्हटलं. "सिरॅमिक म्हणजे शेवटी तेच."

"सर, तुम्ही आकड्यांत अशी सूट देता का कोणाला?"

त्यांनी हात मांडीवर उपडे ठेवले, आणि गाव येईपर्यंत ते तसेच होते.

त्या 'तसंच समजा'चं काय झालं, ते मी पुढच्या बुद्धपौर्णिमेला पाहिलं. मॅडमच्या कामाला सरकारी प्रकल्प मिळाला होता, सशाच्या हाडात गोळ्या बसवून पाहायची परवानगी आली होती, पेपरात चार ओळी छापून आल्या होत्या. हिंगणीच्या विहारात सत्कार ठरला. मला गुरुजींचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं निमंत्रण आलं. विहारात जागा नव्हती इतकी माणसं. वंदना झाली, शाल झाली आणि गुरुजी बोलायला उभे राहिले.

"माह्या बापानं दीक्षा घेतली तवा मी लहान होतो," ते म्हणाले. "घरी आल्यावर मायनं कातडं सोलाची सुरी काढली. बाप म्हणे, इकून टाक, लोखंड हाय. माय म्हणे, इकली त दुसऱ्याच्या पोराच्या हातात जाईन. तिनं ते विहिरीत टाकली. मी पाह्यलं हाय. त्या दिवशी आपल्या घरानं हाड सोडलं. आन् आज माही पोरगी चिनीमातीपासून माणसाचं हाड बनवते. मातीपासून!"

टाळ्या थांबेनात. मागे कोणी तरी डोळे पुसत होतं. मीही टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार होतो. मॅडम व्यासपीठावर मान खाली घालून उभ्या होत्या. लोकांना तो विनय वाटला. मला त्यांचे हात दिसत होते. शालीखाली त्यांनी एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. बोलायला सांगितल्यावर त्या फक्त म्हणाल्या, "बाबा बोलले, त्याच्यापुढे मी काय बोलू." हेही लोकांना फार आवडलं.

परतताना सेलूहून माझी बायको गाडीत बसली. "कसा झाला कार्यक्रम?" तिनं विचारलं.

"चांगला झाला, वहिनी," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. पवनारच्या पुलावर आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "सर, मी ते खरं करून टाकते."

"काय?"

"पूड बदलते. हाडं बंद. रसायनांपासून बनवते. म्हणजे बाबांचं वाक्य खोटं राहणार नाही."

आणि त्यांनी तसं केलं. पोती परत पाठवली. मागचं अंगण फिनाईलनं धुतलं. रसायनांची द्रावणं थेंब थेंब मिसळून, गाळून, वाळवून नवी पूड केली. ती मैद्यासारखी मऊ होती, हाडाच्या पुडीपेक्षा कितीतरी बारीक. प्रकल्पाची मुदत जवळ आली होती, सशांची तारीख ठरली होती. मॅडमनी साबुदाण्याचं पीठ पूर्वीइतकंच घातलं, गोळ्या पूर्वीसारख्याच दाबल्या आणि भट्टीला पूर्वीचाच क्रम लावला. तोच बाराशेचा आकडा, तेवढाच वेळ.

बारीक पूड लवकर जुळते. हे मॅडमना माहीत होतं, त्या ते वर्गात शिकवत. तेवढ्याच आचेवर ती कितीतरी जास्त घट्ट होते आणि आक्रसताना छिद्रांच्या वाटा मिटवून टाकते. गोळ्या बाहेर आल्या त्या देखण्या होत्या. टिचकीला घंटीसारख्या वाजत होत्या. माझ्याकडे आकडे आले तर त्यांतली सगळ्यात कमकुवत गोळी आधीच्या सगळ्यात चांगल्या गोळीपेक्षा मजबूत. मी आनंदानं धावत सांगायला गेलो. मॅडमसमोर दुसरा आकडा होता, गोळी किती पाणी पिते त्याचा. छिद्रं किती उघडी आहेत हे त्यावरून कळतं. तो आकडा फार लहान होता. त्यांनी तो मला दाखवला नाही असं नाही, दाखवला. आणि म्हणाल्या, "चालेल. मजबुती तर आली." एरवी अशा आकड्यावर त्यांनी सगळी खेप बाजूला ठेवली असती.

एका पशुवैद्यकीय संस्थेत सशांच्या मांडीच्या हाडात त्या गोळ्या बसवल्या गेल्या. मॅडम दर आठवड्याला जात. पिंजऱ्यांसमोर उभ्या राहून हात जोडत, मग तपासणीला लागत. तिथली मुलं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करत, हे त्यांना माहीत होतं. मुदत संपल्यावर सशांना मारून हाडं कापून पाहिली. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि म्हणाले, "हाड दारापर्यंत आलं होतं, मॅडम. आत गेलं नाही. काही गोळ्या तर चिमटा लावला आणि सुटल्या, सीताफळाच्या बिया सुटतात तशा."

त्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो होतो. त्या गाडीत बसल्या. मग म्हणाल्या, "चौथं मोडलं, म्हणून पहिलं मोडलं."

मला अर्थ लागायला वेळ लागला. पंचशील. चौथं खोटं न बोलण्याचं, पहिलं जीव न घेण्याचं.

"प्रयोगात ससे मारावेच लागतात," मी म्हटलं. "परवानगी होती."

"त्यांच्यापासून काही शिकायचं असेल तर. मला जे आधीच माहीत होतं, ते शिकायला मारले."

विभागाच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं की चाचणी अपयशी ठरली, कारण पूड बदलली पण भाजण्याचा क्रम बदलला नाही. विभागप्रमुखांनी विचारलं, "पण चांगली चाललेली पूड बदलली कशाला?"

"कारण वैज्ञानिक नव्हतं."

"मग?"

"लाज," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या. विभागप्रमुखांनी पुढचा विषय घेतला. त्या चहाच्या दिवशी जे बसले होते त्यांतले बहुतेक तिथे होते. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

थंडीचे दिवस होते. बैठकीनंतरच्या रविवारी हिंगणीला पोचल्यावर मी नेहमीसारखा गाडी वळवायला लागलो तर मॅडम म्हणाल्या, "सर, बसा थोडं. तुमी गेले त मी बोलणार नाई." गुरुजी अंगणात उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला त्यांनी हात जोडले, खुर्ची दिली. मॅडम उभ्याच राहिल्या.

"बाबा, ते चिनीमातीचं नाई."

"काय नाई?"

"माह्या गोळ्या. हाडाच्या आहेत. म्हशीच्या. पह्यल्यापासून."

गुरुजींनी पेपरची घडी केली, परत एकदा केली. "मेल्या ढोराच्या?"

"कत्तलखान्यातून येतात. पोत्यात."

"आन् साफ कोण करते?"

"मीच."

"काऊन? कॉलेजात माणूस नाई मिळत कामाले?"

"कोणाले लावू, बाबा? त्यालेही बाप असन ना."

शेजारच्या अंगणात कोणी तरी तुरीच्या शेंगा सोलत होतं. मी जमिनीकडे पाहत होतो. उठून जावं तर उठवत नव्हतं.

"मंग मी इतक्या लोकायपुढं बोललो," गुरुजी शेवटी म्हणाले, "तवा थांबवलं काऊन नाई मले?"

"तुमचा चेहरा पाह्यला म्हून."

"मी मायची गोष्ट सांगतली त्या दिवशी. घराच्या बाहेर कधी सांगतली नोहोती."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये असं, पण मी समोरच बसलो होतो, म्हणाले, "गावात सांगू नको."

"बाबा, मी आता खोटं नाई बोलत."

"तुले खोटं बोल कोण म्हणते? मी बोलतो. तू फक्त गप राह्य."

मॅडमनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, आणि गुरुजींनाही कळलं नसावं. आत जाऊन मॅडमनी चहा केला. आम्ही तिघांनी तो घेतला आणि कापसाच्या भावावर बोललो.

परतताना त्या म्हणाल्या, "सांगितलं की सुटेन असं वाटलं होतं. आता हे लपवणारे एकाच्या जागी दोघं झालो."

पोती पुन्हा यायला लागली. या वेळी मॅडमनी भट्टीचा क्रम मुळापासून नव्यानं बांधला. आच खाली आणली, थांबायचा वेळ बदलला, प्रत्येक पायरीला गोळी कापून छिद्रं पाहिली. पाण्याचा आकडा आता त्या मजबुतीच्या आधी मागत. हिंगणीला जाणं कमी झालं नाही. आदल्या दिवशी केस धुणं मात्र त्यांनी बंद केलं.

पुढची बुद्धपौर्णिमा आली. विहारात कार्यक्रम होता आणि गुरुजींनी मला पुन्हा बोलावलं. आज वाटतं, त्यांना कोणी तरी बाहेरचं जवळ हवं होतं. या वेळी सत्कार नव्हता. मॅडम बायकांमध्ये खाली सतरंजीवर बसल्या होत्या. गुरुजी बोलायला उभे राहिले, धम्मावर चांगलं बोलले आणि शेवटी सवयीनं म्हणा की भीतीनं म्हणा, ते वाक्य आलंच. "आपल्या गावची पोरगी मातीपासून हाड बनवून राह्यली." म्हणताना त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारी मॅडमना नावानं हाक मारत तिथूनच ओरडली, "काऊन वो शीला, ते चिनीमातीचं माह्या गुडघ्यात बसन का?"

"आजी, गुडघा राहू द्या, जीभ बदलून घ्या," पुरुषांकडून कोणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. आयोजकांनी हसत हसत माइक मॅडमच्या हातात दिला. मॅडम उभ्या राहिल्या. गुरुजी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, पण पाठ ताठ झालेली मला मागून दिसली.

"गुडघ्यात नाई बसत, आजी," मॅडम म्हणाल्या. "ते मोडलेल्या हाडाच्या पोकळीत बसते. आन् ते चिनीमातीचं नाई. म्हशीच्या हाडाचं हाय. पोत्यात हाडं येतात. मी उकळतो, मी घासतो, मी भाजतो."

मग मागून कोणी तरी पुटपुटलं, "हाडं?" गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे जुने सोबती बसले होते, निवृत्त तलाठी, रोज संध्याकाळी दोघं बरोबर फिरायला जात. ते उठले. धोतर सावरलं आणि काही न बोलता बाहेर गेले. त्यांच्या मागे आणखी एक जण गेला. गुरुजींनी दोघांना जाताना पाहिलं.

म्हातारी म्हणाली, "मंग त बरं झालं. हाडाच्या जागी हाड. माती कायले पाह्यजे?" दोन-चार बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माइक सोडला नाही. हाड कसं जाळतात, पूड कशी करतात, कमी भाजलं तर काय होतं, जास्त भाजलं तर काय होतं, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी लाजेपायी चुकीचं भाजलं. त्याच्यात ससे गेले. माह्या बापाची चूक नाई. त्यायले मीच खोटं सांगतलं होतं." आणि माइक आयोजकांच्या हातात देऊन खाली बसल्या.

खीर वाटली गेली. लोक गुरुजींपाशी येत होते, नेहमीसारखेच. "गुरुजी, बसा न." "गुरुजी, ऊन लय हाय, थांबा थोडं." त्या विषयावर एक शब्द कोणी काढला नाही. गुरुजी प्रत्येकाला हात जोडत होते आणि प्रत्येक वेळी मान थोडी आणखी खाली जात होती.

त्यानंतर दोन महिन्यांत मॅडमना दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत जागा मिळाली आणि त्या गेल्या. आता फोन होतो तो कामाचा. नव्या गोळ्यांत हाड आत शिरलं, हे त्यांनी फोनवर सांगितलं आणि लगेच, किती गोळ्यांत शिरलं नाही तेही. पण मला त्या डोळ्यांसमोर येतात त्या बुद्धपौर्णिमेच्या त्याच दुपारच्या.

मी गाडी काढून निघालो होतो. गल्ली अरुंद, आणि पुढे ते दोघं चालले होते. गुरुजी पुढे, मॅडम पाच-सात पावलं मागे. दोघांमध्ये कोणी अंतर कमी करत नव्हतं. मी मागे गाडी हळू ठेवली. तलाठ्यांचं घर आलं. ते ओट्यावर बसले होते. त्यांना पाहून गुरुजी थांबले. मला वाटलं, आता ते काही तरी सांगून सारवासारव करतील. ते नुसते थांबले. मॅडम जवळ येईपर्यंत उभे राहिले आणि मग त्यांनी लेकीचा हात धरला, लहान पोरीला रस्ता ओलांडून नेताना धरतात तसा, मनगटाशी.

तलाठी उठून आत गेले. दाराचा पडदा पडला.

तरी गुरुजी हलले नाहीत. उन्हात तसेच त्या बंद पडद्यासमोर उभे होते. मान खालीच होती, वर करणं त्यांना जमत नव्हतं. हात मात्र त्यांनी सोडला नाही.